आपण आहोत, हे त्याला कळू दे

तू पाठवलेला फोटो मी मोठा करून करून पाहिला. पाटाच्या कडेला ओल्या मातीत उमटलेला पंजा बिबट्याचाच आहे गं. चार बोटं, मागे रुंद गादी, आणि बोटांपुढे नखांच्या खुणा कुठंच नाहीत. कुत्र्याच्या नाहीतर तरसाच्या पावलात नखं उमटतात; बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. त्यामुळे ‘कुत्रंबित्रं असेल’ म्हणून मी तुझी समजूत काढणार नाही. काल फोनवर तुझा आवाज कापत होता, मागं पोरगी रडत होती, म्हणून जास्त बोलले नाही. आज दुपारी कामं उरकून ओट्यावर बसलेय आणि सावकाश लिहितेय. तूही सावकाश वाच. वाचून झालं की जावईबापूंना आणि तुझ्या सासूबाईंनाही वाचून दाखव.

आधी एक सांगते. भीती वाटते म्हणालीस आणि घरात कुणी ‘शहरातली पोर, घाबरणारच’ असं म्हटलं असेल, तर ते मनाला लावून घेऊ नकोस. मला या ओतूरच्या बाजूला मळ्यात राहायला येऊन बावीस वर्षं झाली. अजून दिवेलागणीला पोरं घरात आली का ते मोजल्याशिवाय मी चुलीपुढं बसत नाही. ही भीती खरी आहे. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडच्या शिवारात काही आठवड्यांत तीन जीव गेले, त्यात दोन लेकरं होती. बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला लागल्या. लोकांनी पुणे-नाशिक रस्ता अडवला. त्या घरांचं दुःख बघून ‘बिबट्या काही करत नाही’ असं म्हणायला कुणाचीच जीभ धजू नये. मीही ते म्हणणार नाही. पण आपल्याला इथंच राहायचंय, इथंच पोरं वाढवायचीत. म्हणून त्या भीतीचं काय करायचं तेवढं सांगते. भीती नुसती उराशी धरून बसलीस तर ती तुला खाईल. तिला रोजच्या सवयीत घातलीस तर तीच तुला सांभाळेल.

तू विचारलंस, ‘ताई, हे इथं आलेच कसे? हे जंगलात का नाही जात?’ अगं, त्यांच्या दृष्टीनं ते जंगलातच आहेत. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे. पाट आले, आणि जिथं बाजरी नि मटकी व्हायची तिथं ऊस उभा राहिला. ऊस वर्ष-दीड वर्ष शेतात उभा असतो. आत गारवा, बाजूला पाणी, माणसाचा वावर नाही, आणि सभोवती वस्त्यांवरची कुत्री, शेरडं, कोंबड्या. मादीला पिल्लं घालायला याहून चांगली जागा कोणती? आज जो बिबट्या तुझ्या पाटावरून गेला, तो उसातच जन्मला असेल, त्याची आईसुद्धा. त्याला डोंगर माहीत नाही. ऊस हेच त्याचं माहेर.

आणि ‘पिंजरा लावून लांब नेऊन का नाही सोडत,’ हेही तू विचारलंस. आमच्या जुन्नर भागात तेही करून झालंय. २००१पासून कितीतरी बिबटे धरले आणि दुसरीकडच्या जंगलांत नेऊन सोडले. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढं याचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते या काळात १७वर गेले. विचार कर, का झालं असेल. पिंजऱ्यात आपटून जखमी झालेलं, माणसांच्या गराड्यानं बिथरलेलं जनावर अनोळखी मुलखात सोडलं. तिथं त्याला ना पाण्याची वाट ठाऊक, ना लपायची जागा. आणि इकडं त्याची जागा मोकळी झाली की शेजारचा दुसरा येऊन बसतो. जुना बिबट्या निदान आपल्या वस्त्या ओळखून असतो, कुणाचा गोठा कुठं, माणसं कधी येतात-जातात हे त्याला पाठ असतं. नवख्याला काहीच माहीत नसतं.

ही जनावरं सोडल्या जागी थांबत नाहीत, तेही ऐक. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक मोठा नर बाहेर काढला, गळ्यात पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडला. अभ्यास करणाऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं आजोबा. तो रस्ते, रेल्वे, खाडी ओलांडत शंभर-सव्वाशे किलोमीटर चालून मुंबईच्या बाजूला पोचला. वाटेत किती गावं, किती वस्त्या! कुणाला ओरबाडलं नाही. शेवटी २०११मध्ये रस्त्यावर गाडीखाली गेला बिचारा. त्याच्यावर पुढं सिनेमाही निघाला. त्याची वाट आठवली की मला वाटतं, आपण झोपेत असताना असे किती आपल्या बांधावरून शहाण्यासारखे निघून जात असतील.

माणसावर हल्ला करणारं जनावर मात्र वेगळं. तिथं पिंजरा लागलाच पाहिजे, आणि तो वनखात्यानं लवकर लावला पाहिजे. त्यासाठी आपण अडून बसलं तरी चालेल. पण दिसला बिबट्या की धरा, हे नको.

आता माझ्या मनातली मुख्य गोष्ट. ती मला माझ्या सासूबाईंनी शिकवली, आणि एका संध्याकाळी अंगावर काटा आणून शिकवली. लग्नानंतरचं दुसरं वर्ष असेल. मी उसाच्या कडेला घास कापत होते. वाकून, उसाकडं पाठ करून, एकटीच. सूर्य बुडाला होता, अजून उजेड होता. सासूबाई बांधावरून आल्या आणि अगदी शांत आवाजात म्हणाल्या, “उभी राहा. पळू नकोस. इकडं बघत मागं ये.” मी उभी राहिले आणि वळले. उसाच्या दोन सरींमध्ये, वीसेक फुटांवर, तो पोट जमिनीला टेकून बसला होता. कान पुढं, शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. मी उभी राहिले तशी त्याची नजर माझ्या पायांपासून वर वर चढली, कान मागं गेले, आणि तो मागच्या मागं उसात शिरला. एक पातंसुद्धा वाजलं नाही. घरी आल्यावर मी थरथरत होते. सासूबाईंनी चहा हातात दिला आणि म्हणाल्या, “तू वाकलेली होतीस तोवर त्याला शेरडू दिसत होतीस. उभी राहिलीस तेव्हा त्याला माणूस दिसलं. आपण माणूस आहोत, आणि इथं आहोत, हे त्याला आधी कळलं पाहिजे.”

बावीस वर्षांत मी जे काही शिकले ते सगळं या एका वाक्यात आहे. बिबट्याला आपली गाठ नको असते. गाठ पडते ती अचानक, नाहीतर त्याची ओळखण्यात चूक होते तेव्हा. म्हणून आपण आहोत हे त्याला आवाजानं, उजेडानं, आपल्या उंचीनं आधी सांगायचं. त्याला बाजूला व्हायला वेळ द्यायचा.

आवाज म्हणजे काय, तर संध्याकाळनंतर घराबाहेर पाऊल टाकताना गप्प जायचं नाही. मोबाइलवर गाणी लाव, मोठ्यानं बोल, काठीला घुंगरू बांध. कानात ते इअरफोन घालून मळ्यात फिरायचं नाही, बाई. त्यानं तुला गाणं ऐकू येतं, त्याला तू ऐकू येत नाहीस. रात्री मोटर चालू करायला जावईबापू जात असतील तर एकटे पाठवू नकोस. दोघं जा, दोघांकडं बॅटरी हवी, आणि झोत नुसता पायापुढं नको, डावीकडं उजवीकडं उसाच्या कडेनंही फिरवायचा. मला कळतं, लाइट रात्रीची येते त्याला आपण काय करणार. पण शेतीला दिवसा वीज मिळावी ही मागणी नुसती सोयीची नाही, आपल्या माणसांच्या जिवाची आहे. ग्रामसभेत तो विषय निघाला तर तूही उभी राहून बोल. बायका बोलल्या की ऐकतात.

उंची म्हणजे, उसाच्या कडेला वाकायचं किंवा बसायचं काम दिवसाढवळ्या, आणि दुसरं कुणी उभं राहून लक्ष ठेवेल तेव्हाच. खुरपणी, घास कापणं, भांडी घासायला बाहेर बसणं, सगळं त्यात आलं. पाठ उसाकडं करायची नाही. शौचाला रात्री बाहेर जायचं नाही. न्हाणीघर-संडास घराला लागून नसेल तर तिथवर दिवा ओढून घ्या. आधी दिवा लावायचा, दार उघडून दोन क्षण थांबायचं, मोठ्यानं खाकरायचं, मगच पाऊल टाकायचं.

आता पोरीचं. तिची उंची त्याच्या नजरेला शिकारीची उंची आहे, हे कायम लक्षात ठेव. दिवस कलला की ती अंगणात एकटी नको, तुझा हात पुरेल इतक्या अंतरातच हवी. ‘दारातच तर आहे’ हे आपल्या भागात चालत नाही. बालवाडीला जाताना उसाच्या बाजूनं तू चालायचं, ती दुसऱ्या बाजूला. मोठी झाली की पोरांचा घोळका करून पाठवायचं, लहानगी मध्ये, मोठी पुढं-मागं. उन्हाळ्यात अंगणात अंथरूण टाकायचा मोह होतो, मला माहीत आहे. पण उघड्यावर, त्यातून जमिनीवर, पोराला झोपवायचं नाही. खिडक्यांना जाळ्या मारा, वाऱ्याला दार उघडं टाकून झोपू नका.

पोरीला भुताखेतांसारखं बिबट्याचं भय मात्र घालू नकोस. ‘जेव नाहीतर बिबट्या येईल’ असं कधी म्हणू नये. अशानं पोरं दिसला की पळतात, आणि पळणं हेच सगळ्यांत वाईट. तिला खेळासारखं शिकव: दिसला तर पळायचं नाही, खाली बसायचं नाही, हात वर करून मोठ्ठं व्हायचं, ओरडायचं, मागं मागं आईकडं यायचं. माझ्या पोरांना मी असंच शिकवलं. तूही समोर आला तर हेच कर. आधी पोरीला उचलून घे, पण नजर त्याच्यावरून काढू नकोस. तोंड त्याच्याकडं, पाय मागं. आणि त्याला निघून जायला वाट मोकळी ठेव. कोंडलेलं जनावर अंगावर येतं.

घराभोवतीचं सांगते, कारण खरी राखण तिथंच होते. ऊस अगदी भिंतीला भिडलाय असं तू म्हणालीस. पुढच्या लावणीला घराभोवती चांगली मोकळी पट्टी सोडायला सांग. दोन सऱ्या कमी लागल्या म्हणून संसार बुडत नाही. तोवर कडेचं गवत, घाणेरीची झुडपं काढून टाका. गोठ्याला नुसत्या कुडाच्या भिंती असतील तर त्या नसल्यातच जमा. बिबट्या कमरेएवढ्या काय, डोक्याएवढ्या भिंतीवरूनही उडी मारतो. चारही बाजूंनी आणि वरूनही जाळी हवी, खाली जाळी मातीत पुरलेली, आणि दाराला नीट कडी. शेळ्या-करडं आणि कालवडी आत, रात्र पडायच्या आत. एकदा उघड्या दावणीवरचं जनावर मिळालं की तो त्या वस्तीची वाट धरतो. रोज बंद गोठा मिळाला की पुढं निघून जातो.

कुत्र्याचं तुला वाईट वाटेल, पण ऐक. बिबट्या वस्तीत येतो तो बहुतेकदा कुत्र्यासाठीच. राखणीला म्हणून आपण त्याला ओट्याजवळ साखळीनं बांधतो आणि बिबट्याला थेट उंबऱ्यापाशी बोलावतो. ते मुकं जनावर पळूही शकत नाही. रात्री त्याला आत घ्या, नाहीतर जाळीचं मजबूत खुराडं करून द्या. आणि मेलेल्या कोंबड्या, उरलेलं मटण, खरकटं ओढ्याला टाकायचं नाही, खोल पुरायचं. घाणीवर कुत्री आणि डुकरं येतात, त्यांच्या मागं बिबट्या. शेजारच्या पोल्ट्रीवाल्यालाही गोडीनं सांगा. एका घरानं पाळून भागत नाही, सगळ्या वस्तीनं पाळावं लागतं.

तरी कधी जनावर गेलंच, तर ते हलवू नका. लगेच वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या, भरपाईचा अर्ज त्यावरच होतो. वनखात्याचा १९२६ हा नंबर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घालून ठेव, आणि सासूबाईंसाठी भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिही. आणि देव न करो, कुणाला ओरखडा जरी उठला, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि थेट दवाखाना. हळदीवर भागवायचं नाही. रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागतात.

आता तोड सुरू होईल तेव्हाचं. फडाची तोड चालू झाली की बिबट्याचा आडोसा रोज कमी होतो, म्हणून त्या दिवसांत तो जास्त दिसतो. तोडीची टोळी येईल, त्यांच्या कोप्या फडाच्याच कडेला पडतील. त्यांची लेकरं पाचटावर झोपतात गं, आई-बाप पहाटे कोयते घेऊन फडात. त्यांना या मुलखाची माहिती नसते. तू स्वतः जाऊन त्या बायकांशी बोल. त्यांच्या कोप्या वस्तीजवळ मोकळ्या जागेत घ्यायला सांग, दिव्याची वायर ओढून द्या, पोरांना दिवसा आपल्या ओट्यावर बसू दे. आपल्या उसात राबणाऱ्याचं लेकरू आपल्या लेकराइतकंच जपायचं.

आणि तोडताना पिल्लं सापडतील, तेव्हा काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेवा. आमच्या फडात एकदा दोन सापडली. पाचटाच्या खोलगट जागेत, मांजराएवढी, निळसर डोळ्यांची, अंगावर ठिपके अजून धूसर. माणसं जमली. एक पोरगा उचलून फोटो काढायला निघाला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, आई इथंच कुठं तरी आहे आणि ती बघतेय. टोळी फडाच्या दुसऱ्या टोकाला नेली, फोन केला. वनखात्याची माणसं आली, डॉक्टरांनी पिल्लं तपासली, आणि संध्याकाळी टोमॅटोच्या कॅरेटमध्ये ठेवून त्याच जागी सोडली. जवळ कॅमेरा बांधला. आम्ही सगळे दूर, दिवे बंद. सकाळी कॅरेट रिकामं होतं. कॅमेऱ्यातल्या फोटोत ती दिसली. पहिल्यांदा एका पिल्लाला मानेला धरून नेताना, आणि काही वेळानं पुन्हा, दुसऱ्यासाठी आलेली. मी तो फोटो कितीदा पाहिला असेल. पिल्लं आपण नेली असती तर ती आई रात्र-रात्र वस्त्यांभोवती फिरली असती, आणि बिथरलेल्या आईइतकं धोक्याचं दुसरं काही नाही. तू आई आहेस, तुला हे वेगळं सांगायला नको.

तसंच विहिरीचं. तुमच्या विहिरीला कठडा नाही असं म्हणालीस; तो आधी बांधून घ्या, त्यात माणसाचाही जीव वाचतो. बिबट्या पडलाच तर गर्दी करू देऊ नका. वनखात्याचे लोक बाज किंवा शिडी सोडतात, पिंजरा लावतात. दगड मारणं, आरडाओरडा, वाकून व्हिडिओ काढणं, यानंच माणसं जखमी होतात. आणि कुणी विष घालायची, तारेत करंट सोडायची गोष्ट काढली तर ठाम नाही म्हण. कायद्यानं तर गुन्हा आहेच, पण त्या तारेवर रात्री पाय पडतो तो आपल्याच माणसाचा.

आमच्या पश्चिमेकडच्या आदिवासी गावांत वसुबारसेच्याच दिवशी वाघबारस करतात. शेंदूर लावलेल्या वाघोबाच्या दगडापुढं गुराखी नैवेद्य ठेवतात आणि गुरं राखायला सांगतात. एकाच दिवशी गाईची पूजा आणि वाघाचीही. नवी होते तेव्हा मला याचं नवल वाटायचं. आता वाटतं, या लोकांनी दोघांनाही आपल्या हिशेबात धरलं होतं. वाघाला नमस्कार करायचा आणि संध्याकाळी गुरं मोजून आतही घ्यायची. नमस्कार केला म्हणून दार उघडं टाकायचं नाही, आणि दार लावलं म्हणून त्याचा द्वेष करायचा नाही.

एवढं सगळं एका दमात जमणार नाही, मला माहीत आहे. आज फक्त तीन गोष्टी कर. दिवेलागणीला पोरीला आत घे, कुत्र्याला आत घे, आणि ओट्यावरचा दिवा रात्रभर चालू ठेव. रविवारी मी आणि तुझे दाजी सकाळच्या गाडीनं येतो. जाळी आम्ही नारायणगावहून घेऊन येऊ. गोठ्याची लांबी-रुंदी मोजून मला आजच कळव, उंचीसकट. उद्या त्या पाटाच्या कडेला जायचं झालं तर उजाडल्यावर, दोघं मिळून जा, आणि जाताना मोठ्यानं बोलत जा.